दिव्याचं भाषण

चष्म्याच्या दुकानात माणूस येतो तोच मुळी नीट दिसत नाही म्हणून. त्यामुळे चष्मेवाल्याकडे निरखून पाहिलंय असं गावात फारसं कुणी नव्हतं. उंचीने बेताचा, बोलायला मऊ, आणि कपाळावर भिंग चढवून ठेवायची सवय. दुकान बंद करून घरी आला तरी ते भिंग कपाळावरच असायचं. बायको ताट वाढता वाढता म्हणायची, "काढा ते आता. का माझाही नंबर तपासायचाय?"

दुकान वडिलांचं. त्याला मात्र दुकानात बसायचं नव्हतं, त्याला बोलायचं होतं. शाळेत भाषणाची स्पर्धा असली की मास्तर आधी त्याचं नाव घालायचे आणि मग विषय ठरवायचे. पण तो शाळेत असतानाच वडिलांचे डोळे गेले. गावभर लोकांना दृष्टी देणाऱ्या माणसाचेच डोळे जावेत, याची लोकांनी हळहळही केली आणि मागे थोडी थट्टाही. मोठा मुलगा म्हणून पुस्तकं ठेवून तो स्टुलावर बसला. पुढची सगळी वर्षं त्याचं वक्तृत्व तीन वाक्यांत मावलं: "हनुवटी इथे टेकवा. समोर बघा. आता बरं दिसतंय की मघाशी?"

रस्त्याच्या टोकाला फ्रीमेसन मंडळींची जुनी दगडी इमारत होती; ते तिला लॉज म्हणत. खालच्या मजल्याला खिडकी नाही, दारावर कोरलेला एक मोठा डोळा, आणि महिन्यातून एका गुरुवारी काळे कोट घातलेली माणसं हातात चपट्या पेट्या घेऊन आत जायची. आत काय चालतं ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाला ते पक्कं ठाऊक होतं. कुणी म्हणे तिथे भुतं उतरवतात, कुणी म्हणे नुसतंच जेवतात. चष्मेवाल्याच्या दुकानाच्या पाटीवरही एक डोळा रंगवलेला होता. लोक म्हणत, "दोन्हीकडे डोळा आहे, पण इकडे निदान दिसतं तरी."

या लॉजमधले एक म्हातारे सर्व्हेअर त्याच्याकडे चष्म्याच्या दांड्या घट्ट करायला यायचे. दांडीचं काम मिनिटाचं, पण ते बसायचे तासभर. उजेड भिंगातून कसा वळतो ते चष्मेवाला एका गिऱ्हाइकाला समजावत होता, ते त्यांनी एकदा ऐकलं. जाताना म्हणाले, "बोलता छान हो तुम्ही." एवढंच. आमच्यात या, असं म्हणाले नाहीत. त्यांच्यात तशी पद्धतच नव्हती. ज्याला यायचं असेल त्याने आपणहून विचारायचं. चष्मेवाल्याने वर्षभर मनात घोळवलं आणि शेवटी विचारलं.

घरात त्यावरून जो गोंधळ झाला तो पुढे कित्येक वर्षं हसायला पुरला. सासूबाईंच्या कानावर एवढंच गेलं की जावई गुरुवारी संध्याकाळी लॉजवर जातो आणि कशासाठी ते सांगत नाही. त्या पिशवी भरूनच लेकीकडे आल्या. "तू चल माझ्याबरोबर," म्हणाल्या, "त्याला राहू दे लॉजवर!" हे लॉज म्हणजे खोल्या भाड्याने देणारं लॉज नव्हे, हे त्यांना पटवता पटवता चष्मेवाल्याला घाम फुटला. बायकोने मात्र पहिल्या दिवसापासून एकच अट घातली. "तिथे काय करता ते सांगू नका. पण जेवून येणार की नाही, तेवढं गुपित माझ्याजवळ फोडत जा."

खरं तर आत भुतंही नव्हती आणि फारशी गुपितंही. वेगवेगळ्या धंद्यांतली, वेगवेगळ्या धर्मांची माणसं पांढरे एप्रन बांधून बसायची, एकमेकांना बंधू म्हणायची, आणि गवंड्याच्या हत्यारांवरून चांगलं वागायचे धडे द्यायची. काटकोन मापायचा गुण्या म्हणजे सरळ व्यवहार, दोरीचा ओळंबा म्हणजे ताठ मान, कंपास म्हणजे आपल्या हावेभोवती आखलेली मर्यादा. गुण्या आणि कंपास एकमेकांवर ठेवले की झालं त्यांचं बोधचिन्ह. जगभरच्या लॉजांचं तेच. पण या लॉजच्या चिन्हात त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक आकृती होती: तेलाचा दिवा. फुगीर पोट, एका बाजूला लांब चोच, चोचीच्या टोकाला ज्योत. मखमली निशाणावर तोच, कोटाच्या बिल्ल्यावर तोच, अध्यक्षांच्या जुन्या खुर्चीच्या पाठीवरही तोच. इतर कुठल्याही लॉजकडे दिवा नाही याचा सगळ्यांना अभिमान होता.

नव्या सभासदाला या चिन्हाचा अर्थ सांगायचं काम सर्व्हेअरांचं होतं. त्यांचा आवाज बसला तसं ते चष्मेवाल्याकडे आलं, आणि शाळेपासून तुंबलेलं सगळं एकदम वाहायला लागलं. सर्व्हेअर दोन वाक्यांत उरकायचे, "हा ज्ञानाचा दिवा, तो तेवत ठेवा." चष्मेवाल्याने त्याचं भाषण केलं. दिव्याचं पोट म्हणजे धीर, त्यातलं तेल म्हणजे कष्ट, वात म्हणजे विवेक. चोच पुढे झेपावलेली, कारण उजेड स्वतःसाठी नसतो, समोरच्यासाठी असतो. इथवर आला की त्याचा आवाज खाली उतरायचा आणि वडिलांची गोष्ट यायची: डोळे गेल्यावरही संध्याकाळ झाली की दुकानातला दिवा लावायला सांगणाऱ्या माणसाची गोष्ट. खोकणारेही खोकायचे थांबायचे. एकदा एक राकट पोलीस अधिकारी रुमालात नाक शिंकरताना दिसला. दिव्याचं भाषण म्हणजे चष्मेवाला, असंच होऊन बसलं. आयुष्यात ही एकच गोष्ट त्याची स्वतःची होती. बाकी सगळं दुकानाचं होतं.

लॉजला शंभर वर्षं पूर्ण होणार, तेव्हा दारं उघडून सगळ्यांच्या घरच्यांना बोलवायचं आणि चष्मेवाल्याने दिव्यावर बोलायचं, असं ठरलं. पहिल्यांदाच बायको त्याचं भाषण ऐकणार होती. तो स्टुलावर बसल्या बसल्या ओठ हलवत सराव करू लागला.

अशात एका सकाळी एक म्हातारी दुकानात आली. मोतीबिंदू काढलेला, हातात दवाखान्याची चिठ्ठी, ऐंशी कधीच ओलांडलेली, पण आवाज असा की समोरचा न्हावी वळून बघेल. त्याने भिंगं बसवली आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला.

"तो नको," म्हातारी म्हणाली. "दवाखान्यात इतक्यांदा वाचून घेतला की पाठ झालाय. डोळे मिटून म्हणून दाखवू?"

चष्मेवाला हसला. कोटाची कड पुढे करून म्हणाला, "मग आजी, या बिल्ल्यावर काय दिसतंय ते सांगा."

म्हातारी पुढे वाकली. "गवंड्याचा गुण्या. तो दुसरा कंपास. आणि मध्ये किटली."

चष्मेवाल्याला वाटलं, नंबर चुकला. त्याने डावं भिंग बदललं. "आता?"

"आता आणखी स्वच्छ. किटलीच आहे."

त्याने उजवं बदललं. "आता नीट बघा आजी. चोच आहे, टोकाला ज्योत आहे..."

"ज्योत कसली? वाफ आहे ती. पाणी उकळलंय." म्हातारीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "अरे बाबा, माझ्या आजीची किटली मी ओळखणार नाही का? तुझ्या कोटावर कशी आली ती?"

त्याने मागच्या खोलीतून खुर्ची आणली आणि म्हातारीला बसवलं. मग तिने जे सांगितलं ते असं.

नदीवरचा मोठा पूल बांधायचं काम निघालं तेव्हा बाहेरून खूप माणसं आली. दगड घडवणारे, मुकादम, हिशेबनीस, एक डॉक्टर. कुणाची बोली एक तर कुणाची दुसरी. त्यांतल्या काहींनी मिळून हे लॉज काढलं. पण बसायचं कुठे? दार लावून काहीतरी करतात म्हटल्यावर गावात त्यांना कुणी खोली देईना. म्हातारीची आजी पुलाच्या कामाजवळ चहाचं दुकान चालवायची. नवरा गेलेला, पदरात पोरं, आणि जिभेला हाड नाही. तिने दुकानामागची कोळशाची खोली त्यांना देऊ केली. अट एवढीच, की दारू नको, भांडण नको, आणि जाताना जागा झाडून जायची. ते आत बसले की ही बाहेर पायरीवर बसायची, शेजारी भली मोठी किटली. किटली पायरीवर दिसली की गिऱ्हाइकांनी समजायचं, आज आत यायचं नाही.

"एकदा एक पोर हरवलं," म्हातारी म्हणाली. "गावात बोंब झाली की या लोकांनीच बळी द्यायला नेलं. माणसं आली काठ्या घेऊन. आजी उठली, किटली उचलली आणि म्हणाली, 'या, सगळ्यांना चहा देते. ज्याला हातात नको असेल त्याला डोक्यावर देते.' कुणी पुढे होईना. तेवढ्यात निरोप आला की पोर मावशीकडे झोपलंय. मग त्यातले निम्मे खरंच चहा पिऊन गेले."

"आणि चिन्ह?"

"पुढे त्यांनी आपली इमारत बांधली. आजीला म्हणाले, बाईला आत घ्यायचा आमच्यात नियम नाही, तुमची किटली घेतो. आजी सांगायची आणि हसायची. म्हणायची, 'मेल्यांनी मला बाहेर ठेवलं आणि भांडं आत नेलं.'"

"ती किटली कुठे आहे आता?"

"भंगारात गेली. तळ गेला तिचा. ठेवून काय पूजा करायची होती?"

म्हातारी चष्मा घेऊन गेली. चष्मेवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. म्हातारं माणूस, काहीही बोलेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण शंका ही डोळ्यात गेलेल्या कणासारखी असते. डोळा चोळला की ती जास्तच टोचते. दोन दिवसांनी त्याने लॉजच्या नोकराकडून किल्ली मागून घेतली आणि भर दुपारी अध्यक्षांच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला.

ती खुर्ची लॉजइतकीच जुनी होती. तिच्या पाठीवरचं कोरीवकाम त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं, पण लांबून, आणि भक्तिभावाने. आता त्याने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. सोनेरी ज्योत नुसतीच रंगवलेली होती. तिच्याखालचं लाकूड सपाट होतं, पटाशीचा एक ओरखडा नाही. आणि दिव्याच्या डोक्यावरून एक कमान गेली होती, मागच्या काळ्या रंगात बुडवून टाकलेली. त्याने बोट फिरवलं. बोटाला कमान लागली, कमानीखाली झाकण लागलं, झाकणावर मूठ लागली. दिव्याला झाकण नसतं, धरायची कमानही नसते. चष्मेवाल्याने भिंग पुन्हा कपाळावर सारलं. एवढी वर्षं लोकांना "समोर बघा" म्हणणारा माणूस आपण, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसूही आलं नाही.

कुणी मुद्दाम खोटं केलं होतं, असंही म्हणता येत नव्हतं. पुढच्या पिढीत मोठे हुद्देदार आले असतील, त्यांना किटलीची लाज वाटली असेल. किंवा रंगाऱ्यालाच दिवा वाटला असेल. पण किटलीवर पहिल्यांदा ज्योत कुणीतरी रंगवली होती, आणि त्या ज्योतीत तेल घालत बसला होता तो स्वतः.

तो अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर, मोठे सज्जन, पण सतत लोकांचं तोंड उघडं ठेवून बोलत असल्यामुळे समोरच्याने उत्तर द्यायचं असतं ही गोष्ट विसरलेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि हात धुतले.

"बंधू, असेलही किटली. पण शंभराव्या वर्षी सगळ्यांसमोर चहाची किटली काढायची? आधीच लोक हसतात आपल्याला. समारंभ होऊ द्या. मग निवांत बघू."

"मग मी काय बोलू डॉक्टर?"

"नेहमीचंच. तुमचं दिव्याचं. काय सुंदर बोलता!"

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. लॉजची एखादी गोष्ट त्याने घरात सांगायची ही पहिलीच वेळ. बायको भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"त्या बाईंना आत येऊ दिलं नाही कधी?"

"नियम नव्हता."

"आणि राखण करायचा नियम होता?" तिने पुन्हा भाजी हातात घेतली. निवडता निवडता म्हणाली, "तुम्हाला किटलीचं दुःख नाहीये. तुम्हाला भाषणाचं दुःख आहे."

ते खरं होतं, म्हणून त्याला राग आला. तो न जेवता उठला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने भाषण मनात सुरू केलं, तर "दिव्याचं पोट म्हणजे धीर" या पहिल्याच वाक्यावर समोर म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, वाफ आहे ती. पुढचं वाक्यच येईना. सकाळी त्याने बायकोला विचारलं, "त्या आजींना समारंभाला आणायला तू जाशील का? मी आधीच तिथे असेन."

"त्यात विचारायचं काय? काल तुम्ही न जेवता उठलात तेव्हाच मी जाऊन त्यांचं घर बघून आले," बायको म्हणाली.

समारंभाच्या दिवशी सगळे दिवे लागले होते. बायका-मुलं आयुष्यात पहिल्यांदा आत येऊन, "एवढंच?" अशा नजरेने खुर्च्या आणि निशाणं बघत होती. सासूबाईही आल्या होत्या. खोल्या किती आहेत ते त्या मोजून आल्या. म्हातारी पहिल्या रांगेत, नवा चष्मा घालून.

चष्मेवाला उभा राहिला आणि आयुष्यात प्रथमच अडखळला. "आपलं बोधचिन्ह... म्हणजे हा जो दिवा... तो दिवा नाहीये," असं म्हणून तो थांबला. कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. त्याने पुलाचं सांगितलं, कोळशाच्या खोलीचं सांगितलं, पण सगळं उलटसुलट, हात खिशात घालत आणि काढत. काठ्या घेऊन लोक आले इथवर तो पोचला आणि म्हणाला, "तेव्हा त्या माउलीने शांतपणे सर्वांना समजावलं..."

"समजावलं कुठे?" पहिल्या रांगेतून आवाज आला. "उकळतं पाणी डोक्यावर ओतीन म्हणाली! नीट सांग की."

बायकांच्या बाजूने जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. चष्मेवाल्याने जरा विचार केला, व्यासपीठावरून खाली आला, म्हातारीचा हात धरून तिला वर नेलं आणि आपण बाजूला उभा राहिला. पुढचं सगळं तीच बोलली. नंतर त्याने खुर्ची उजेडाकडे वळवली आणि लोकांना बोट फिरवून बघायला सांगितलं. रांग लागली. मुलं तर दोनदा आली.

सगळं गोड झालं असं नाही. एका जुन्या सभासदाने, लॉजची चेष्टा केली म्हणून, महिन्याभरात राजीनामा दिला. अध्यक्ष बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत. आणि नेमकी त्याच काळात चष्मेवाल्याची दाढ दुखायला लागली. तो गेला. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून शांतपणे म्हटलं, "खुर्ची मीही बघितली एकटा जाऊन. झाकण आहे." चष्मेवाल्याला काही उत्तर देता आलं नाही, आणि बहुधा डॉक्टरांना तेच सोयीचं वाटलं. निशाण बदलायचं की नाही यावर दोन बैठका वाद झाला. शेवटी निशाण तसंच राहिलं. खुर्चीवरचा रंग मात्र खरवडून काढला आणि कमान मोकळी झाली. म्हातारी अधूनमधून दुकानात यायची. चष्म्याची तक्रार सांगायची, जी कधीच खरी नसायची, आणि पुलाच्या काळचं काहीबाही सांगत बसायची. दोन वर्षांनी ती गेली तेव्हा लॉजमधली पाचसहा माणसं अंत्ययात्रेत शेवटपर्यंत चालत गेली, अध्यक्षांसकट.

दिव्याचं भाषण चष्मेवाल्याने पुन्हा केलं नाही. नव्या सभासदांना चिन्हाची गोष्ट आता एक तरुण शिक्षक सांगतो, बरी सांगतो. चष्मेवाल्याने त्याऐवजी बाहेरच्या राखणदाराचं काम मागून घेतलं. ते कुणालाच नको असतं. आत सगळं चालू असताना बंद दाराबाहेर एकट्याने बसायचं, कुणी आलं तर अडवायचं, आणि येत तर कुणीच नाही. "तुम्ही? बाहेर?" सगळ्यांनी विचारलं. तो म्हणाला, "बोलून झालं माझं."

बोलून झालं होतं असं मात्र नाही. दाराबाहेर लाकडी बाक आहे. पहिल्या गुरुवारी तो तिथे बसला असताना बायको विसरलेली छत्री द्यायला म्हणून आली आणि परत जायचं विसरली. पुढच्या महिन्यात छत्रीचं निमित्तही लागलं नाही. तो लॉजमध्ये जायला लागल्यापासून गुरुवारची ती संध्याकाळ तिने कशी घालवली, कुणाकुणाकडे गेली, कितीदा एकटीने रडली आणि कितीदा मजेत झोपून गेली, हे तिने त्याला त्या बाकावर सांगितलं. तोही सांगायचा. शाळेतल्या स्पर्धांचं, वडिलांचं, भाषणात कधी न घातलेलं. कधी कधी दोघांचा आवाज चढायचा आणि आतून कुणीतरी दारावर टकटक करायचं.

"हळू बोल," तो म्हणायचा. "आत गंभीर काम चाललंय."

"चालू दे," ती सरकून बसायची. "हं, मग? पुढे काय म्हणाले मास्तर?"